ज्याचा रॉकर त्याच्याच जागी

इंजिन बिघडले की आपण आधी डिझेलची टाकी पाहतो, मग फिल्टर पाहतो, मग नोझलला दोष देतो, आणि शेवटी रिंगा गेल्या म्हणून मोकळे होतो. पण इंजिनाच्या हेडवर, एका झाकणाखाली, काही आखूड लोखंडी दांड्या सतत डोलत असतात. त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्यांना रॉकर म्हणतात. आज मी या रॉकरविषयीच बोलणार आहे. इंजिन दुरुस्तीला खोलल्यावर रॉकर परत बसवायचे कसे, आणि ते चुकीचे बसले तर काय होते, एवढाच आजचा विषय आहे.

मी वाशीमला गेली अनेक वर्षे इंजिन दुरुस्तीचे काम करतो. आपला जिल्हा मुख्यतः पावसाच्या भरवशाचा. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा आणि थोडाफार गहू. पैनगंगा, अडाण, अरुणावती या नद्यांच्या काठाला आणि विहिरींवर जे ओलीत होते, त्यात डिझेल इंजिनाचा वाटा मोठा राहिला आहे. शेतीची वीज पाळीने येते आणि हरभऱ्याला पाणी तर वेळेवर लागते. आता सौर पंप आले आहेत. २०१९ मध्ये केंद्राची पीएम-कुसुम योजना आली, २०२४ मध्ये राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आली. ती चांगलीच गोष्ट आहे. पण नदीकाठी उचलून न्यायचे इंजिन अजून गेलेले नाही, आणि ट्रॅक्टर तर गावोगाव आहेत. सोयाबीनची सोंगणी झाली, गंजी लागली, आभाळ भरून आले आणि मळणीयंत्र चालवणारा ट्रॅक्टर नेमका त्या दिवशी बंद पडला, तर काय होते हे तुम्हाला मी सांगायला नको.

रॉकर करतो काय?

डिझेल इंजिनाची ओळख आपल्या भागाला फार जुनी नाही. जर्मनीत रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. आपल्याकडे साताऱ्याच्या कूपरची इंजिने निघाली, १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली, राजकोटलाही इंजिनांचे कारखाने उभे राहिले. मग हळूहळू मोट गेली आणि विहिरीवर इंजिन आले. बनावट कोणाचीही असो, आतली मांडणी बरीचशी सारखी असते.

सिलिंडरच्या वर दोन दारे असतात. एकातून हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. ही दारे म्हणजे व्हॉल्व्ह. ती भक्कम स्प्रिंगच्या जोराने मिटलेली असतात आणि उघडायची तर वरून खाली दाबावी लागतात. आता अडचण अशी, की त्यांना हुकूम देणारा कॅमशाफ्ट खाली, क्रँकच्या शेजारी असतो. त्याचा धक्का वरच्या दिशेने येतो. कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला वर ढकलतो, आणि पुशरॉड रॉकरचे एक टोक उचलतो. तराजूची दांडी जशी मधल्या काट्यावर डोलते, तसा रॉकर मधल्या शाफ्टवर डोलतो. एक टोक वर गेले की दुसरे खाली येते आणि व्हॉल्व्ह उघडतो. वर आलेला धक्का खाली वळवणे, हे रॉकरचे काम.

हे काम किती वेळा होते याचा हिशेब करून पाहा. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे ७५० फेरे घेतो. म्हणजे प्रत्येक रॉकर मिनिटाला ७५० वेळा डोलतो, तासाला ४५ हजार वेळा. आठ तास पाणी दिले तर तीन लाख ६० हजार वेळा. एवढे हेलकावे खाणारी वस्तू जराशी वाकडी बसली, तर ती वाकडेपणा किती लवकर वाढवत नेईल!

जोडी मोडू नका

आता मुख्य गोष्ट. नवे इंजिन कारखान्यातून येते तेव्हा त्याचे सगळे रॉकर एकसारखे असतात. पण ते चालू लागले की प्रत्येक रॉकर आपल्या सोबत्याबरोबर झिजत जातो. पुशरॉडचे गोल टोक आणि रॉकरच्या स्क्रूचा गोल भाग एकमेकांत मुरतात. रॉकरचे दुसरे टोक आपल्याच व्हॉल्व्हच्या दांडीवर घासून आपला माग तयार करते. रॉकरच्या पोटातले बुश शाफ्टच्या आपल्याच जागी गुळगुळीत होते.

बैलजोडीचे उदाहरण घ्या. उजवीकडे चालायची सवय लागलेला बैल डावीकडे जुंपला तर औत नीट चालत नाही. बैल तोच, ताकद तीच, पण जागा बदलली. इंजिनाचेही तसेच आहे. इनलेटचा रॉकर एग्झॉस्टला लावला, किंवा दुसऱ्या सिलिंडरचा तिसऱ्याला लावला, तरी इंजिन सुरू होते. म्हणून तर पुष्कळांना वाटते की काही बिघडले नाही. पण आता पूर्ण पृष्ठभाग टेकत नाही, केवळ कड किंवा एखादा उंचवटा टेकतो. सगळा भार तिथेच येतो. तो भाग झपाट्याने झिजतो, काल धरलेला गॅप चार दिवसांत वाढतो आणि टॅपेट वाजू लागतो. काही इंजिनांत तर इनलेट आणि एग्झॉस्टचे रॉकर आकारानेच वेगळे असतात, पुशरॉडची लांबीही वेगळी असू शकते. तिथे अदलाबदल झाली तर नुकसान पहिल्या तासातच होते.

म्हणून खोलण्यापूर्वी खुणा करायच्या. यासाठी महागडे काही लागत नाही. एक पुठ्ठ्याचे खोके घ्या, त्याला ओळीने भोके पाडा, प्रत्येक भोकाखाली सिलिंडरचा नंबर आणि ‘इनलेट’ किंवा ‘एग्झॉस्ट’ असे लिहा, आणि पुशरॉड निघेल तसा त्या भोकात उभा करा. त्याचे वरचे टोक वरच ठेवा. ट्रॅक्टरचा रॉकर शाफ्ट असेल तर त्यावर रॉकर, स्प्रिंग, वॉशर आणि स्टँड अशी माळ ओवलेली असते. ती जशी ओवली तशीच एका तारेत ओवून ठेवा. आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. झाकण काढताच एक फोटो वरून, एक बाजूने काढावा. जुळवताना वाद झाला तर तो फोटो उपयोगी पडतो.

तेलाची वाट

दुसरी गोष्ट तेलाची. रॉकर शाफ्ट आतून पोकळ असतो. अनेक ट्रॅक्टर-इंजिनांत खालून दाबाने आलेले तेल एकाच ठरावीक स्टँडमधून शाफ्टमध्ये चढते आणि शाफ्टच्या बारीक भोकांतून प्रत्येक रॉकरला मिळते. बाकीचे स्टँड दिसायला तसेच असतात, पण त्यांत तेलाचे भोक नसते. भोकाचा स्टँड चुकून दुसऱ्या जागी गेला, की तेलाची वाट बंद. वरून सगळे चकाचक दिसते आणि रॉकर मात्र कोरडे चालतात.

शाफ्टची दिशाही तेवढीच महत्त्वाची. व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि पुशरॉड, दोघेही रॉकरच्या टोकांना वर रेटतात. त्यामुळे रॉकरचे बुश शाफ्टला खालच्या अंगाने दाबते आणि शाफ्टची झीज खालच्या बाजूला होते. काही जण शक्कल लढवतात, की शाफ्ट उलटा फिरवला म्हणजे न झिजलेली बाजू खाली येईल आणि नवीन शाफ्टचे पैसे वाचतील. पण शाफ्टबरोबर त्याची भोकेही फिरतात. ज्या जागी भार आहे तिथे तेल पोहोचावे म्हणून बनवणाऱ्याने ती भोके ठरावीक बाजूला ठेवलेली असतात. शाफ्ट फिरवला की ती मांडणीच मोडते. तेव्हा शाफ्टच्या टोकाला पूर्वीची खूण किंवा खाच असेल ती पाहा, नसेल तर काढण्यापूर्वी आपण करा. शाफ्टला बोटाच्या नखाला लागेल एवढी पायरी पडली असेल, तर तो बदलणेच स्वस्त पडते.

भोके आणि शाफ्टची पोकळी डिझेलने धुवा, तार फिरवा, शेवटी हवा मारा. आत साचलेली काळी राळ हीच रॉकर कोरडे पडण्याचे मोठे कारण असते. आणि जुन्या, मिनिटाला ६५० फेरे घेणाऱ्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनांत रॉकरला तेल आपोआप जात नाही, ते तेलाच्या डब्याने हाताने द्यावे लागते, हेही लक्षात असू द्या.

बसवण्याचा क्रम

तिसरी गोष्ट क्रमाची. एक उदाहरण सांगतो. एका वर्षी नोव्हेंबरात रिसोड तालुक्यातून एक इंजिन माझ्याकडे आले. दुसरीकडे हेड गॅस्केट बदलून नेले होते. हरभऱ्यावर तुषार संच लावला, तीन तास पाणी चालले, मग टाळी वाजावी तसा आवाज झाला, एअर फिल्टरमधून काळा धूर निघाला आणि इंजिन बंद पडले. त्या शेतकऱ्याला वाटले पिस्टन गेला. झाकण काढले तर एग्झॉस्टचा पुशरॉड धनुष्यासारखा वाकलेला. तो टॅपेटच्या वाटीत बसलाच नव्हता, वाटीच्या काठावर टेकला होता. तीन तास त्याने कसेबसे काढले आणि मग घसरला. एग्झॉस्टचे दार उघडेना, जळालेला वायू बाहेर जाईना, म्हणून तो इनलेटच्या वाटेने उलटा फिल्टरमध्ये आला. पुशरॉडची किंमत फार नव्हती. पण हरभरा फुलावर होता, सुटा भाग मिळून इंजिन परत वावरात जायला तीन दिवस गेले, आणि त्या तीन दिवसांची भरपाई कोण करणार?

म्हणून पुशरॉड घातल्यावर तो हाताने हलवून पाहा. वाटीत बसला असेल तर खालचे टोक बाजूला सरकत नाही, आणि हलकेच उचलला तर तेलामुळे टॅपेट किंचित चिकटल्यासारखा जाणवतो. पुशरॉड सरळ आहे का, हे काचेवर लोळवून कळते. वाकलेला पुशरॉड ठोकून सरळ करू नका, तो पुन्हा तिथेच वाकतो.

आता क्रम असा. आधी हेडचे नट कंपनीने सांगितलेल्या ताणाने, टॉर्क पान्याने आवळून घ्या. काही इंजिनांत रॉकर स्टँडचे बोल्ट हेच हेडचे बोल्ट असतात, तिथे ते त्या क्रमातच येतात. मग सगळ्या रॉकरचे ॲडजस्टिंग स्क्रू सैल करा. ही पायरी विसरायची नाही. जुन्या गॅस्केटवर बसलेला गॅप नव्या गॅस्केटला लागू पडत नाही. स्क्रू आत गेलेला असेल तर स्टँड आवळताना व्हॉल्व्ह उघडाच राहतो. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की पिस्टन आणि हेड यांत साधारण एक मिलिमीटरच जागा उरते. त्यात उघडा व्हॉल्व्ह सापडला तर एकतर व्हॉल्व्ह वाकतो, नाहीतर पिस्टनला खड्डा पडतो.

स्टँडचे बोल्ट आधी सगळे हाताने लावा. मग मधल्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, प्रत्येकाला अर्धा-अर्धा आटा देत या. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात, तर कुठे तरी उघडलेल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग शाफ्टला वर रेटत असते. शाफ्ट वाकतो, नाहीतर स्टँड तडकतो.

गॅप कशासाठी?

रॉकर आणि व्हॉल्व्ह यांत थोडी मोकळी जागा का ठेवायची, असे मला अनेकजण विचारतात. इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी लांब होते. जागा ठेवली नाही तर लांब झालेली दांडी रॉकरला टेकून राहते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह आगीत उभा असतो. तो सीटवर टेकतो तेव्हाच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर तो जळतो. इंजिन सुरू व्हायला त्रास देते, धूर करते, जोर धरत नाही. उलट गॅप जास्त झाला तर व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, आणि प्रत्येक वेळी हातोडी बसते. गॅप जास्त असेल तर आवाजाने कळते. कमी असेल तर इंजिन गुपचूप चालते आणि आतल्या आत व्हॉल्व्ह जळत राहतो. म्हणून आवाज बंद व्हावा एवढ्यासाठी गॅप कमी करणारा मिस्त्री तुमचे नुकसान करतो.

गॅप किती, हे त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्यावे. साधारण ०.१५ ते ०.३० मिलिमीटरच्या आसपास तो असतो, म्हणजे वहीची दोन-तीन पाने एकावर एक ठेवावीत एवढा. इनलेट आणि एग्झॉस्टचा वेगळा असू शकतो, आणि इंजिन थंड असताना धरायचा की गरम, हेही पुस्तकात असते.

गॅप धरताना त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले हवेत. एका सिलिंडरचे इंजिन असेल तर डिझेल बंद करून फ्लायव्हील हाताने फिरवा. इनलेट उघडून मिटला, की पुढे पिस्टन वर येऊन फ्लायव्हीलवरची खूण जुळेपर्यंत न्या. दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर मात्र सोडलेला असावा, नाहीतर तो व्हॉल्व्हला दाबून धरतो आणि माप खोटे येते. चार सिलिंडरच्या इंजिनात सोपी युक्ती आहे. चौथ्याचे दोन्ही रॉकर एकदम हलतात, म्हणजे एक मिटत असतो आणि दुसरा उघडत असतो, तेव्हा पहिल्याचे दोन्ही मिटलेले असतात.

फीलर गेजचे पान किंचित ओढ देत सरकले पाहिजे. लॉक नट आवळल्यावर पुन्हा एकदा माप घ्या, कारण नट आवळताना स्क्रू फिरतो. आणखी एक बारकावा सांगतो. रॉकरच्या टोकाला झिजून खळगा पडला असेल तर सरळ पान खळग्याच्या काठांवरून जाते. पान दाखवते ०.२०, पण खरी जागा त्याहून जास्त असते. माप बरोबर आणि तरी टॅपेट वाजतो, तेव्हा हाच खळगा शोधायचा. असा रॉकर घासून नीट करून घ्या, नाहीतर बदला.

झाकण लावण्यापूर्वी

सगळे झाले की इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडले तर जोर करू नका, कारण शोधा. मग इंजिन सुरू करून अगदी मंद चालवा आणि तेल दाबाने येणारे इंजिन असेल तर प्रत्येक रॉकरपाशी तेल झिरपते का ते पाहा. या वेळी गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, बाह्या वर करा आणि पोरांना पट्ट्यापासून लांब ठेवा.

नवे गॅस्केट इंजिन तापल्यावर थोडे दबते. गॅस्केट दबले की हेड खाली येते, हेडवरचा रॉकर खाली येतो, पण पुशरॉड मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणजे गॅप कमी होतो. म्हणून काही तास चालल्यावर, पुस्तकात सांगितले असेल त्याप्रमाणे हेड पुन्हा आवळून गॅप पुन्हा तपासायचा असतो. यासाठी मिस्त्री पुन्हा बोलवायचा तर कंटाळा करू नका, आणि मिस्त्रीनेही त्या फेरीचे पैसे आधीच मजुरीत धरून सांगावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, इंजिन तुम्ही स्वतः खोलावे असे माझे म्हणणे नाही. पण खोलले जात असेल तेव्हा जवळ बसा आणि चार प्रश्न विचारा. खुणा केल्या का? शाफ्टची तेलाची भोके धुतली का? आवळण्यापूर्वी स्क्रू सैल केले का? गॅप फीलर गेजने धरला की अंदाजाने? चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही. मोसम तोंडावर आल्यावर इंजिन खोलण्यापेक्षा उन्हाळ्यात, हाताशी वेळ असताना हे काम करून घ्या. तेव्हा सुटा भाग मिळायला दोन दिवस लागले तरी वावरात काही वाळत नाही आणि गंजीवर पाऊसही पडत नाही.